रोग्याचे गुपित आणि खिशातला मोबाईल

आमच्या वैद्यकीय व्यवसायात एक फार जुना नियम आहे. रोग्याने डॉक्टरला विश्वासाने सांगितलेली गोष्ट डॉक्टरने बाहेर बोलायची नाही. गावातला डॉक्टर लग्नकार्याला जातो, बाजारात भाजी घेतो, देवळात भेटतो. समोर बसलेल्या दहा जणांपैकी सात जणांचे आजार त्याला ठाऊक असतात, पण तो त्यातले अक्षरही काढत नाही. तपासणीच्या टेबलापुढचा पडदा हा त्या नियमाचाच एक भाग आहे.

पूर्वी हे गुपित राखणे तुलनेने सोपे होते. केसपेपर दवाखान्याच्या कपाटात असे आणि एक्स-रे रोग्याच्या घरी गादीखाली किंवा ट्रंकेत असे. आता रिपोर्ट मोबाईलवर येतो, औषधाची चिठ्ठी मोबाईलवर जाते, डॉक्टरची वेळही मोबाईलवरच घेतली जाते. डॉक्टरने तोंड बंद ठेवले तरी रोग्याच्या खिशातला मोबाईल दिवसभर बोलत असतो. आरोग्याच्या सदरात मोबाईलचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण गुपित फुटल्यामुळे बिघडलेली दुखणी मी माझ्या दवाखान्यात पाहतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गुपित हा उपचाराचाच भाग

रोगी खरे सांगतो तेव्हाच निदान बरोबर होते. दारू किती घेता, पाळी केव्हा चुकली, लघवीच्या जागी जखम आहे का, जीव नकोसा वाटतो का, असले प्रश्न आम्हाला विचारावेच लागतात. आपले उत्तर चव्हाट्यावर जाईल अशी शंका आली की रोगी खोटे सांगतो किंवा दवाखान्याची पायरीच चढत नाही. दोन्हीमध्ये नुकसान रोग्याचेच होते.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलला आहे. एका तरुणाला क्षयरोग निघाला. त्याने थुंकीच्या तपासणीचा रिपोर्ट थोरल्या भावाला मोबाईलवर पाठवला. भावाने काळजीपोटी, चार माणसांचा सल्ला घ्यावा म्हणून, तो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत तो रिपोर्ट मुलाच्या होणाऱ्या सासुरवाडीला पोहोचला. सोयरीक मोडली नाही, पण कुजबुज सुरू झाली. मुलाने औषधे घेणे बंद केले, कारण गोळ्या घेताना कोणी पाहिले तर रोग खरा ठरेल असे त्याला वाटे. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा वजन सहा किलोंनी उतरले होते.

क्षयरोगाचा नेहमीचा उपचार साधारण सहा महिने चालतो. औषधे नियमित घेतली तर बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात आणि काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. मध्येच औषध सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. म्हणजे त्या एका फॉरवर्डमुळे घरातल्या माणसांचाच धोका वाढला.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. क्षयरोग २०१२ पासून कळवण्याजोगा रोग आहे, म्हणजे डॉक्टरला त्याची नोंद सरकारी यंत्रणेकडे करावी लागते. ती नोंद औषध मिळावे, घरच्यांची तपासणी व्हावी यासाठी असते. ज्याला कळायला हवे त्याला कळवणे हे कर्तव्य आहे आणि ज्याचा संबंध नाही त्याला कळू न देणे हेही तितकेच कर्तव्य आहे.

गुपित फुटते कुठून?

पुष्कळांना वाटते की कोणी संगणकतज्ज्ञ चोर रात्री बसून आपला मोबाईल फोडतो. तसेही घडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'च्या संगणकांवर हल्ला झाला आणि देशातल्या त्या मोठ्या रुग्णालयात कित्येक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामे हाताने करावी लागली. परंतु आपल्यासारख्या गावात गुपित बहुतेक वेळा फार साध्या वाटांनी बाहेर पडते. त्यातल्या नेहमीच्या वाटा पाहू.

पहिली वाट झेरॉक्सच्या दुकानाची. रिपोर्टची प्रत काढायची म्हणून आपण तो दुकानदाराच्या नंबरवर पाठवतो. प्रत हातात पडते, पण मूळ रिपोर्ट दुकानाच्या मोबाईलवर आणि संगणकावर राहतो. त्यात आपले नाव, वय, नंबर आणि आजार, सगळे असते. दुकानदार भला माणूस असेल, पण त्या संगणकावर दिवसभर दहा जण बसतात. प्रत मिळाल्यावर तेथेच उभे राहून, 'भाऊ, माझी फाईल काढून टाका', असे नम्रपणे सांगावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला निरोप आपल्याकडूनही 'सर्वांसाठी डिलीट' करता येतो, मात्र त्याला ठरावीक मुदत असते आणि दुकानदाराने आधीच संगणकावर उतरवून घेतलेली प्रत त्याने जात नाही. दुकानाच्या संगणकावर स्वतःचे व्हॉट्सअ‍ॅप उघडले असेल तर घरी जाण्याआधी मोबाईलमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' पाहून ते बंद करावे. न केल्यास आपले निरोप तेथे दिसत राहतील.

दुसरी वाट ग्रुपची. व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोप वाटेत कोणाला वाचता येत नाहीत, हे खरे. ही सोय २०१६ पासून सर्वांना आहे. पण कुलूप असते ते वाटेवर. पोहोचल्यानंतर समोरचा माणूस तो निरोप कोणालाही पुढे पाठवू शकतो. 'एकदाच पाहता येईल' असा फोटो पाठवला तरी दुसऱ्या मोबाईलने त्या पडद्याचा फोटो काढता येतोच. तेव्हा ज्या ग्रुपमध्ये पन्नास माणसे आहेत तेथे रिपोर्ट टाकणे म्हणजे तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणे आहे.

'रक्त पाहिजे' असे निरोपही असेच फिरतात. हेतू चांगलाच असतो. पण त्यात रोग्याचे पूर्ण नाव, आजार, वॉर्ड आणि खाट क्रमांक असण्याचे कारण नाही. रक्तगट, रक्तपेढी किंवा रुग्णालय, तारीख आणि नातेवाइकाचा एक नंबर एवढे पुरते. काम झाल्यावर 'रक्त मिळाले, धन्यवाद' असे लिहून तो निरोप थांबवावा. नाहीतर सहा महिन्यांनीही फोन येत राहतात.

तिसरी वाट घरातलीच. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत एकच मोबाईल तिघे-चौघे वापरतात. शाळेतला मुलगा खेळ खेळत असतो आणि वर पट्टी येते की आईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट तयार आहे. सून माहेरी डॉक्टरला दाखवते आणि निरोप सासऱ्यांच्या नंबरवर जातो. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक स्त्रिया नोंदणीच्या वेळी नवऱ्याचा किंवा दिराचा नंबर देतात, कारण स्वतःचा नसतो. अशा वेळी बाईंनी स्पष्ट सांगावे, 'रिपोर्ट मोबाईलवर पाठवू नका, मी स्वतः येऊन नेते.' प्रयोगशाळेने हे ऐकावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

चौथी वाट जुन्या मोबाईलची. मोबाईल दुरुस्तीला देताना किंवा विकताना आत बाळंतपणाचे फोटो, रिपोर्ट, बँकेचे निरोप असतात. विकण्याआधी हवे ते दुसरीकडे उतरवून घ्यावे, आपली खाती बाहेर काढावीत आणि 'फॅक्टरी रीसेट' करावे. दुरुस्तीला देताना शक्य तर समोर बसून काम करून घ्यावे. आतला कोड फार गरज असेल तरच द्यावा आणि घरी येताच बदलावा.

पाचवी वाट फोटोची. आरोग्य शिबिरात, शस्त्रक्रियेनंतर, खाटेवर फळे वाटताना फोटो काढण्याची आपल्याकडे फार हौस आहे. रोगी नळ्या लावून पडलेला असतो आणि त्याचा फोटो सायंकाळी सगळ्या तालुक्यात फिरतो. खाटेवरच्या माणसाला 'फोटो काढू का?' असे कोणी विचारत नाही. शिबिरे भरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की फोटो आपला काढा, रोग्याचा चेहरा वगळा.

अ‍ॅप काय पाहते?

आता यंत्राकडे वळू. एका वाचक भगिनीने विचारले आहे की पाळीची तारीख लिहून ठेवणारे अ‍ॅप वापरावे का. प्रश्न चांगला आहे, कारण त्यात पाळी, संबंध, गर्भधारणा अशी अत्यंत खासगी माहिती भरली जाते.

अमेरिकेतले एक प्रकरण येथे उपयोगी पडेल. 'फ्लो' नावाचे असेच अ‍ॅप जगभर दहा कोटींहून अधिक जणींनी घेतले होते. माहिती गुप्त ठेवू असे वचन दिलेले असताना ती फेसबुक, गूगल आदी कंपन्यांच्या विश्लेषण विभागांकडे गेली, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने ठेवला आणि जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने तडजोड मान्य केली. त्याच आयोगाने २०२३ मध्ये औषधांवर सवलत देणाऱ्या 'गुडआरएक्स' कंपनीला १५ लाख डॉलर दंड भरायला लावला आणि मानसिक सल्ला देणाऱ्या 'बेटरहेल्प' कंपनीला ७८ लाख डॉलर देणे भाग पाडले. सर्व ठिकाणी तक्रारीचे मूळ एकच होते. रोग्याने विश्वासाने भरलेली माहिती जाहिरातीच्या धंद्यातल्या कंपन्यांकडे गेली.

यामागचे कारण समजून घ्यावे. जे अ‍ॅप फुकट मिळते त्याचा खर्च बहुधा जाहिरातींतून निघतो. जाहिरातदाराला हवे असते की मूळव्याधीची जाहिरात मूळव्याध असलेल्यालाच दिसावी. त्यासाठी कोण काय शोधतो, कुठे जातो, काय विकत घेतो याची नोंद ठेवली जाते. केस गळतीविषयी एकदा शोध घेतला की आठवडाभर तेलाच्या जाहिराती दिसतात, त्या यामुळेच. त्यातून खरा धोका असा की माणूस डॉक्टरऐवजी जाहिरातीच्या मागे जातो. लैंगिक दुर्बलता, मधुमेह आणि वजन या तीन दुखण्यांवर खात्रीशीर इलाज सांगणाऱ्या जाहिराती पाहून पैसे घालवलेली माणसे मला दर महिन्याला भेटतात.

भगिनीला माझे उत्तर असे. पाळीची तारीख लिहिण्यासाठी अ‍ॅप आवश्यक नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीची बारीक खूण पुरते आणि तिचा अर्थ फक्त तुम्हालाच कळतो. अ‍ॅप वापरायचेच असेल तर त्यात खरे पूर्ण नाव भरू नका, संपर्कयादी आणि ठिकाण पाहण्याची परवानगी देऊ नका आणि माहिती फोनमध्येच ठेवणारे अ‍ॅप निवडा.

परवानगीचा मुद्दा सर्वांसाठीच महत्त्वाचा आहे. नवीन अ‍ॅप घेतले की ते विचारते, कॅमेरा वापरू का, माइक वापरू का, फोननंबर पाहू का, तुम्ही कुठे आहात ते पाहू का. आपण घाईत 'होय, होय' दाबतो. विचार असा करावा की या कामाला ही वस्तू लागते का. डॉक्टरशी व्हिडिओवर बोलण्याच्या अ‍ॅपला कॅमेरा आणि माइक लागतो, हे पटण्यासारखे आहे. पाणी पिण्याची आठवण करणाऱ्या अ‍ॅपला तुमची संपर्कयादी कशाला? फोनच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' किंवा 'परमिशन मॅनेजर' येथे कोणत्या अ‍ॅपला काय दिले आहे ते दिसते आणि तेथूनच ते काढून घेता येते. अलीकडच्या फोनमध्ये कॅमेरा किंवा माइक चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात छोटा ठिपका दिसतो. तुम्ही वापरत नसताना तो दिसला तर कोणते अ‍ॅप चालू आहे ते पाहावे.

मनगटावर पट्टा बांधून सकाळी चालायला जाणारेही आता आपल्या गावात वाढले आहेत. चालणे उत्तमच. पण आपला रस्ता जगाला दाखवणे जरुरीचे नाही. जानेवारी २०१८ मध्ये 'स्ट्रावा' या व्यायामाच्या अ‍ॅपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून परदेशांतल्या लष्करी तळांची जागा उघड झाल्याची बातमी जगभर गाजली होती. सैनिक तळावर धावत आणि त्यांची वाट नकाशावर उमटत असे. जी बाई रोज पहाटे एकाच रस्त्याने एकटी फिरायला जाते तिनेही आपला रस्ता आणि वेळ खासगीच ठेवावी.

आधार, आभा आणि कागदपत्रे

रुग्णालयात आधार कार्डाची प्रत मागतात. सरकारी योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर ते लागते आणि द्यावेही. जेथे फक्त ओळख पटवायची आहे, तेथे 'मास्क्ड आधार' चालू शकते. त्यात बारापैकी पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढता येते. प्रतीवर 'अमुक रुग्णालयात उपचारासाठी' असे लिहून तारीख घालण्याची सवय चांगली. बोटांच्या ठशांचा गैरवापर होऊ नये म्हणून आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याचीही सोय आहे.

'आभा' क्रमांकाविषयी बरेच गैरसमज दिसतात. हा चौदा अंकी आरोग्य खात्याचा क्रमांक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा तो भाग आहे. तो काढणे ऐच्छिक आहे. त्यामुळे निरनिराळ्या दवाखान्यांतले कागद एकत्र पाहता येतात आणि हा फायदा मोठा आहे, कारण जुने कागद हरवलेले रोगी आम्हाला रोज भेटतात. कागद दाखवण्यापूर्वी तुमची संमती मागितली जाते. कोणते कागद, कोणत्या काळातले, हे निवडता येते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. तेव्हा संमतीचा निरोप आला की न वाचता बटण दाबू नये.

औषधाच्या दुकानात सवलतीसाठी मोबाईल नंबर मागतात. काही औषधांसाठी रोग्याचे आणि डॉक्टरचे नाव नोंदवहीत लिहावे लागते, हा नियम आहे. पण सवलतीसाठी नंबर द्यायलाच हवा असे नाही. 'नंबर नको, बिल द्या', असे म्हणता येते.

दुखण्याचा फायदा घेणारे भामटे

माणूस आजारी असला की त्याची सावधगिरी कमी होते, हे भामट्यांना पक्के ठाऊक आहे. मोठ्या शहरातल्या रुग्णालयाचा नंबर इंटरनेटवर शोधताना खोटा नंबर पुढे येतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, 'नंबर लावण्यासाठी फक्त दहा रुपये भरा', म्हणतो आणि एक फाईल पाठवतो. ती एपीके फाईल उघडली की फोनचा ताबा त्याच्याकडे जातो आणि बँकेचे निरोपही त्याला वाचता येतात. रुग्णालयाचा नंबर जुन्या केसपेपरवरून, पाठवणाऱ्या डॉक्टरकडून किंवा रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल, मग ती लग्नपत्रिकेच्या नावाने असो वा रिपोर्टच्या, उघडू नये. रिपोर्ट साधारणपणे पीडीएफ किंवा फोटो असतो.

फोनवरून सल्ला घेत असाल तर समोरच्या डॉक्टरचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक विचारावा. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकीय सल्ल्याची सरकारी मार्गदर्शक तत्त्वे आली आहेत. खऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही.

आता एक गंभीर गोष्ट, विशेषतः तरुण मुले आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, पडद्यावर अश्लील दृश्य दिसते, त्याचे चित्रण होते आणि लगेच धमकी येते की पैसे टाक, नाहीतर सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. मुलगा घाबरून पैसे देतो, मग पुन्हा मागणी येते. तो जेवत नाही, झोपत नाही, कोणाशी बोलत नाही. अशा मुलाला आईवडील माझ्याकडे 'अशक्तपणा' म्हणून घेऊन येतात. अशा वेळी पैसे देऊ नयेत. आलेले निरोप आणि नंबर जपून ठेवावेत, तो नंबर बंद करावा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करावी. सर्वात आधी घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगावे. आईबापांनी त्या क्षणी रागावू नये. मूल संकटात आहे, गुन्हा दुसऱ्याने केला आहे. मन फार खचले असेल तर १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. २०२२ पासून ही सरकारी सेवा विनामूल्य आहे.

कायदा कोणाच्या बाजूने?

पुष्कळ रोग्यांना आपले हक्कच ठाऊक नसतात. थोडक्यात सांगतो.

डॉक्टरांच्या आचारसंहितेत, म्हणजे २००२ च्या नियमांत, रोग्याचे गुपित न फोडण्याचे बंधन आहे. न्यायालयाचा आदेश, दुसऱ्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका आणि कळवण्याजोगे रोग एवढेच त्याला अपवाद आहेत. याच नियमांनुसार रोग्याने मागितल्यावर कागद ७२ तासांत द्यावे लागतात.

एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने, काही मोजके अपवाद वगळता, रोग्याची समजून घेतलेली संमती नसताना त्याचा आजार उघड करता येत नाही. मानसिक आजाराच्या २०१७ च्या कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, ही तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने आली.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. माहिती कशासाठी घेता हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खासगी, घरगुती कारणासाठी एखाद्या माणसाने ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागत नाही. आणि जी माहिती आपणच होऊन जाहीर केली तिलाही त्याचे संरक्षण नाही. म्हणजे काकांनी ग्रुपवर टाकलेल्या रिपोर्टपुढे किंवा आपण स्वतः फेसबुकवर लिहिलेल्या आजारापुढे हा कायदा फारसा कामाला येणार नाही. तेथे आपली सावधगिरी हाच इलाज.

काय लपवू नये?

इतके वाचून कोणी सगळेच लपवायला लागू नये. डॉक्टरपासून आजार, व्यसन, चालू औषधे किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया लपवू नका. घरातल्या एका विश्वासू माणसाला आपल्या औषधांची यादी आणि कागद कुठे आहेत हे ठाऊक असावे.

रस्त्यात अपघात झाला तर बेशुद्ध माणसाच्या फोनचे कुलूप कोणाला उघडता येत नाही. त्यासाठी फोनमध्येच 'आपत्कालीन माहिती' भरण्याची सोय असते. रक्तगट, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, मधुमेह किंवा फिट्स आहेत का आणि जवळच्या माणसाचा नंबर एवढे तेथे लिहावे. कुलूप न उघडता ते दिसते. या माहितीने जीव वाचू शकतो. मधुमेही, हृदयरोगी आणि वृद्धांनी तर हे आजच करावे.

रविवारी अर्ध्या तासात करण्याची कामे

१. फोनला सहा आकडी कोड लावा. जन्मतारीख किंवा १२३४५६ नको.
२. कुलूप असताना पडद्यावर निरोपाचा मजकूर दिसणार नाही अशी सोय करा.
३. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा आणि 'लिंक्ड डिव्हायसेस' तपासा.
४. वापरात नसलेली अ‍ॅप्स काढून टाका, उरलेल्यांच्या परवानग्या पाहा.
५. रिपोर्टचे फोटो गॅलरीत विखुरलेले असतील तर ते कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा. मूळ कागद घरी एका पिशवीत तारखेप्रमाणे लावा.
६. ओटीपी कोणालाही सांगू नका, मग तो दवाखान्यातून बोलतो असे सांगो वा बँकेतून.
७. आपत्कालीन माहिती भरा.

ज्यांना हे स्वतः जमत नाही त्यांनी नातवाला किंवा शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला बोलवावे. मात्र कोड आपणच टाकावा आणि काम होईपर्यंत शेजारी बसावे.

शेवटी एकच सांगणे. दुसऱ्याच्या आजाराचा कागद आपल्या मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवण्यापूर्वी थोडे थांबा आणि त्या माणसाला फोन करून विचारा, 'हे मी कोणाला दाखवू का?' तो 'नको' म्हणाला तर कागद पुसून टाका आणि औषधे वेळेवर घेतोस ना, एवढे विचारा. त्याला बरे व्हायला त्याचीच जास्त मदत होईल.